संत कबीर : हाती माग, मुखी नाम

वारकरी संप्रदायाच्या अंगणात जे संत एकत्र आले, त्यांतल्या बहुतेकांच्या नावाला त्यांचा धंदा जोडलेला आहे. गोरोबाकाका कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, नामदेवराय शिंपी. धंदा टाकून देऊन यांतला कोणी संत झाला नाही. मडके घडवता घडवता, मळा शिंपता शिंपता, त्याच जागी देव त्यांच्या समोर येऊन उभा राहिला. या मांदियाळीत काशीचा एक विणकरही बसलेला आहे. पंढरी त्याच्या गावापासून कितीतरी दूर, भाषा निराळी, वाढला ते घर मुसलमानाचे. तरी त्याला परका म्हणावे असे आमच्या थोरांना कधी वाटले नाही. तुकोबारायांनी जातीकुळाचा अभिमान मोडून काढताना ज्या हरिभक्तांची नावे आपल्या अभंगात गोवली, त्यांत कबीरांचे नाव आहे. महिपतीबोवा ताहराबादकर यांनी १७६२ साली भक्तविजय ग्रंथ पुरा केला, त्यात कबीरांचे चरित्र ओवीबद्ध केले. तेव्हापासून गावोगावच्या देवळांत समईच्या उजेडात ते वाचले जात आहे.

कबीरांचे दोहे वाचकांना पाठ आहेत, तेव्हा ते येथे देत नाही. आम्हांला आज सांगायचे आहे ते कबीरांच्या मागाविषयी. कबीर विणीत होते, आणि विणलेले लोकांना देत होते. या दोन गोष्टींत त्यांचे सारे चरित्र येऊन जाते. आणि प्रपंचात राहून परमार्थ करू पाहणाऱ्या तुम्हां-आम्हांला बोचणारा प्रश्नही त्यातच आहे.

कबीरपंथीयांच्या परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १३९८ सालच्या ज्येष्ठ पौर्णिमेचा आणि देहावसान १५१८ सालचे, म्हणजे आयुष्य १२० वर्षांचे. इतिहासाचे अभ्यासक एवढे दीर्घ आयुष्य मान्य करीत नाहीत आणि सनांबाबत त्यांच्यात मतभेद आहेत. परंतु कबीर पंधराव्या शतकातले, याविषयी वाद नाही. नामदेवराय १३५० साली समाधिस्थ झाले, त्यांच्या नंतरचे हे. म्हणून दोघांच्या प्रत्यक्ष भेटीच्या ज्या कथा आहेत, त्या भावाच्या कथा समजाव्यात. दोघांची भेट झाली ती दुसऱ्या प्रकारे. ती कशी, हे पुढे येईलच.

काशीजवळ लहरतारा नावाचे तळे आहे. तेथे नीरू आणि नीमा या नवराबायकोला एक तान्हे मूल सापडले आणि त्यांनी ते पोटच्या पोरासारखे वाढवले, असे परंपरा सांगते. नीरू जातीचा जुलाहा. आपल्याकडे साळी, कोष्टी, तसा तिकडचा मुसलमान विणकर म्हणजे जुलाहा. काशी हे वस्त्रांचे मोठे पीठ. देवाला वस्त्र लागे, यजमानाला धोतर लागे, मेलेल्याच्या अंगावर घालायलाही कापडच लागे. जन्मापासून मरणापर्यंत ज्याच्या हातचे अंगावर घ्यायचे, त्याला पंगतीला मात्र घ्यायचे नाही, अशी तेव्हाची रीत. अशा घरात, मागाच्या ठोक्यांच्या आवाजात, कबीर लहानाचे मोठे झाले. शाई आणि कागद यांना आपण कधी हात लावला नाही, असे त्यांचे स्वतःचेच सांगणे आहे. त्यांची पाठशाळा म्हणजे बापाचा माग.

हातमागाचे काम ज्यांनी जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी ते थोडे विस्ताराने सांगतो. कापूस पिंजायचा, त्याचे पेळू करायचे, पेळूचे सूत कातायचे. सूत तसेच मागावर चढवले तर घासून तुटते, म्हणून त्याला खळ द्यावी लागते. गल्लीत लांबवर काठ्या रोवायच्या, त्यांवर उभे धागे ताणायचे आणि तांदळाची किंवा कणकेची पेज कुंच्याने त्यांवर चोपडत जायची. याला आपल्याकडे पांजणी म्हणतात. मग एकेक धागा फणीतून ओवायचा. धागे शेकडो असतात. एक जरी चुकला तरी त्याची रेघ कापडभर दिसत राहते. एवढे झाले म्हणजे विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. पायांनी उभ्या धाग्यांची उघडझाप करायची, मधल्या वाटेने हातातला धोटा या कडेकडून त्या कडेला फेकायचा, आणि टाकलेला आडवा धागा फणीने ठोकून बसवायचा. दोरीचा हिसका देऊन धोटा पळवण्याची युक्ती इंग्लंडात १७३३ साली निघाली. आपल्याकडे ती त्यानंतर फार उशिरा आली. कबीरांच्या काळी कापडातला प्रत्येक आडवा धागा हातानेच टाकलेला असे. धोतराचे एक पान पुरे होईपर्यंत हे किती हजार वेळा करायचे, याचा वाचकांनीच अंदाज करावा.

आणि हे एकट्याचे काम नव्हे बरं का. सूत कातायला घरातली बाई, कांड्या भरायला पोरे, ताणा करताना पलीकडचे टोक धरायला म्हातारा बाप. साऱ्या घराचे हात लागावेत तेव्हा एक ठाण मागावरून उतरावे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

कबीरांच्या गुरुप्राप्तीची कथा सर्वश्रुत आहे. स्वामी रामानंद पहाटेच्या अंधारात पंचगंगा घाटावर स्नानाला उतरत. जुलाह्याच्या पोराला मंत्र कोण देणार, म्हणून कबीर पायऱ्यांवर आडवे होऊन राहिले. स्वामींचा पाय त्यांच्या अंगाला लागला, स्वामी चटकन रामनाम बोलले, आणि कबीरांनी तोच उपदेश मानून गाठीला बांधला. पायरीवर पडून राहण्यातले हे सुख वारकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको. पंढरीच्या महाद्वारातली नामदेवांची पायरी आपल्याला ठाऊक आहे.

मंत्र मिळाला. अंगावर भगवे चढले का? नाही. कबीर घाटावरून उठले ते घरी आले आणि मागावर बसले. पुढे आयुष्यभर, देवाशी बोलताना असो की पंडिताशी वाद घालताना असो, त्यांनी आपली ओळख जुलाहा म्हणूनच सांगितली. काशीत आज जेथे कबीरचौरा मठ आहे, तो विणकराच्या राहत्या घराचा परिसर, असे तिथली परंपरा मानते.

आम्ही संस्कृत पाठशाळेत शिकलो, तेथे कार्यकारणाचा विचार आला की तंतु आणि पट यांचा दृष्टान्त ठरलेला असे. कापड म्हणून धाग्यांहून वेगळे काही आहे का? धागे काढून घेतले तर कापड कोठे उरते? भगवान शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात हा विचार केला आहे, ज्ञानोबामाउलींनीही तंतु-पटाची उपमा योजली आहे. त्याच्याही कितीतरी आधी, बृहदारण्यक उपनिषदात गार्गीने याज्ञवल्क्यांना विचारले की हे सारे जग कशात ओत आणि प्रोत आहे. ओतप्रोत हा शब्द आपण रोज वापरतो. तो विणकराच्या घरचा शब्द आहे, उभ्या-आडव्या धाग्यांचा. सूत्र म्हणजे धागा. तंत्र या शब्दाचा एक अर्थ मागच होय. आमच्या शास्त्रांनी आपले मोठमोठे शब्द विणकराच्या खोपटातून उचलून आणले आणि विणकराला मात्र दाराबाहेर ठेवले. कबीरांनी ते शब्द परत घरी नेले. त्यांच्या एका पदात देवच विणकर झाला आहे. धरती आणि आकाश यांचा त्याने माग केला, चंद्र आणि सूर्य यांचे धोटे चालवले, आणि साऱ्या जगाचा ताणा पसरला. पंडिताला दृष्टान्त शोधावा लागतो. कबीरांना तो शोधावा लागला नाही. त्यांचे पाय रोज त्यातच असत.

येथवर सारे गोड आहे. आता अवघड भाग येतो.

शीखांच्या आदिग्रंथात कबीरांच्या पाचशेहून अधिक रचना आहेत. गुरू अर्जुनदेवांनी हा ग्रंथ १६०४ साली सिद्ध केला. त्यातल्या एका पदात कबीरांची आई मुसमुसून रडते आहे. पोराने ताणणे-विणणे सगळे टाकले, अंगभर रामाचे नाव लिहून घेतले. आता ही लेकरे जगायची कशी, असे ती रघुरायालाच विचारते. कबीर उत्तर देतात, की धोट्यात धागा ओवावा तर तेवढ्यापुरता माझा राम विसरतो. हे सांगून झाल्यावर ते आईला म्हणतात, यांचा आणि आपला पोशिंदा तो एकच आहे.

वाचकहो, हे पद वाचताना पुष्कळांना कबीरांच्या वैराग्याचे कौतुक वाटते आणि म्हातारी अज्ञानी वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. तिचे रडणे खरे आहे. चुलीपाशी बसणारीला पीठ कोणत्या दिवशी संपणार हे ठाऊक असते. आणि आश्चर्य हे, की हे रडणे जगाला कळले ते कबीरांच्याच तोंडून. आपल्या विरुद्धची फिर्याद त्यांनी स्वतःच्या पदात गाऊन ठेवली. किती जण असे करतील?

आता बाजारची कथा घेऊ. नाभाजींच्या भक्तमालेवर प्रियादासांनी १७१२ साली टीका लिहिली, तीत ही कथा आली आहे. कबीर विणलेले कापड घेऊन बाजारात विकायला उभे होते. एक भक्त आला आणि अंग झाकायला वस्त्र मागू लागला. कबीर अर्धे फाडून द्यायला निघाले. त्याने सांगितले की अर्ध्याने माझे भागणार नाही. कबीरांनी सबंध कापड त्याच्या हातावर ठेवले. हात रिकामे झाले, आता घरी काय तोंड दाखवणार? ते बाजारातच कोठे आडोशाला लपून राहिले. इकडे घरची माणसे उपाशी. तेव्हा भगवंताने बैलांवर धान्य लादून घरी आणून टाकले. माणसे कबीरांना शोधून घरी घेऊन आली; त्यांनी देवाची करणी ओळखली आणि ते सारे धान्य साधुसंतांना वाटून टाकले.

कीर्तनात ही कथा निघाली की बैल दारात आल्याबरोबर टाळ्या पडतात. बैल येणे हे देवाचे काम, ते देवाने केले. माणसाचे काम त्याच्या आधीचे आहे, आणि आम्हांला तेथे थोडे थांबावेसे वाटते. कबीर लपून का राहिले? दान करणारा माणूस ताठ मानेने घरी जातो. कबीरांना घरी जाववले नाही, कारण दिलेले कापड त्यांच्या एकट्याचे नव्हते. त्यात नीमाचे कातणे होते, पोरांनी भरलेल्या कांड्या होत्या, साऱ्या घराचे दिवस होते. ते त्यांनी कोणाला न विचारता देऊन टाकले. द्यायचे तर होतेच. समोर उघडा माणूस उभा होता. पण देताना आपल्याबरोबर आणखी चौघांनी दिले, आणि त्यांना ते माहीतही नाही, ही टोचणी त्या लपण्यात आहे. ज्याला ही टोचणी नाही, त्याचे दान सोपे. कबीरांचे दान सोपे नव्हते, म्हणून ते मोठे.

कबीरांच्या घरी लोई होती. तिच्या नावाचीही कथा वस्त्राचीच आहे. लोई म्हणजे लोकरीची कांबळ. गंगेच्या पात्रात कांबळीत गुंडाळलेली एक तान्ही मुलगी एका साधूला मिळाली, ती लोई, असे सांगतात. बहुतेक चरित्रकार तिला कबीरांची पत्नी म्हणतात आणि कमाल व कमाली ही त्यांची मुले म्हणून सांगतात; कबीरपंथातल्या विरक्त परंपरा तिला शिष्या मानतात. आदिग्रंथात तिचेही गाऱ्हाणे आहे. मागावरचे धागे तुटलेले, खळ संपलेली, आणि घरात मुंडण केलेल्या साधूंची ये-जा थांबत नाही. त्यांना भाकरी आणि घरच्यांना चणे. त्यांना निजायला खाट आणि घरच्यांना जमीन. कबीर लोईला सांगतात की याच संतांना शरण जा. तिने ते मानले की नाही, हे पदात नाही. गाऱ्हाणे मात्र आहे, तुटलेल्या धाग्यांसकट आहे.

बायाबापड्यांना हे गाऱ्हाणे आपलेच वाटेल. दिंडी गावात आली म्हणजे शंभर पाने उठतात. बोवा कीर्तनात अन्नदानाचा महिमा सांगतात, मंडपात यजमानाच्या नावाचा जयघोष होतो. परातीत पीठ मळणारीचे नाव कोणी घेत नाही. कबीरांनी घेतले. लोईचे नाव आज सहाशे वर्षे उरले आहे ते तिच्या तक्रारीमुळे, आणि ती तक्रार तिच्या धन्याने जपली म्हणून.

आणि भुकेचे मोल कबीरांना कळत नव्हते असेही नाही. एका पदात ते देवाला रोखठोक सांगतात, की उपाशी पोटी भक्ती व्हायची नाही. ही घे तुझी माळ. मग मागणीची यादीच देतात. दोन शेर पीठ, पावशेर तूप, बरोबर मीठ, अर्धा शेर डाळ, म्हणजे दोन्ही वेळचे भागेल. चार पायांची खाट, उशाला उशी, अंथरायला गादी, वर पांघरायला गोधडी. बस्स. किती थोडके मागणे आहे पाहा! पण पांघरूण त्यात सोडलेले नाही. दिवसभर दुसऱ्यांसाठी वस्त्र विणणारा हा महात्मा देवाजवळ एक गोधडी मागतो, तेव्हा ऐकणाराच्या डोळ्यांत पाणी येते. हे वैराग्य कोरडे नाही. त्याला थंडी वाजते.

तर मग प्रश्न उरतो. एकीकडे नाम, एकीकडे माग. धागा ओवावा तर राम विसरतो, राम धरावा तर घरची चूल विझते. याची सोडवणूक कशी व्हायची?

वाचकहो, याचे उत्तर कबीरांना आपल्या पंढरीकडून मिळाले. नामदेवरायांची आणि कबीरांची भेट झाली ती येथे. नामदेवराय उत्तरेत गेले, पंजाबात घुमान येथे राहिले, त्यांची ६१ पदे आदिग्रंथात आहेत, हे वारकऱ्यांना ठाऊक आहेच. उत्तरेकडे त्यांना छीपा, म्हणजे कापडावर छाप उठवणारा कारागीर, म्हणून ओळखतात. कबीरांनी त्यांची आठवण मोठ्या आदराने ठिकठिकाणी केली आहे. आदिग्रंथातल्या कबीरांच्या लागोपाठच्या दोन श्लोकांत नामदेव आणि त्यांचे स्नेही त्रिलोचन यांचा संवाद आहे. त्रिलोचनांना वाटते की नामदेवाला मायेने मोहात पाडले. रामाला चित्त लावायचे सोडून हा कापडे काय छापीत बसला आहे! नामदेव त्यांना समजावतात, की मुखाने राम म्हण, हातापायांनी सगळे काम कर, आणि चित्त त्या निरंजनापाशी असू दे.

पाहा हं, कापडाचाच धंदा, आक्षेपही तोच, आणि उत्तर पंढरीच्या शिंप्याचे. ते काशीच्या विणकराने आपल्या श्लोकांत जपून ठेवले. आईला दिलेल्या उत्तरात हात आणि मुख यांचे भांडण होते. नामदेवांच्या उत्तरात ते मिटले. धोटा हाताकडे, नाम मुखाकडे, चित्त देवाकडे. कोणी कोणाची जागा अडवीत नाही. मागाचा ठेका तर नामाला सोयीचाच. धोटा या कडेला गेला की राम, त्या कडेला गेला की राम. टाळकऱ्याला याहून जास्त सांगायला नको. उभा धागा एकदा ताणला की हलत नाही, आडवा सारखा ये-जा करतो. कापड दोघांचे मिळून होते. नाम हा आपला उभा धागा, रोजचे काम हा आडवा. नुसत्या उभ्या धाग्यांनी कोणाचे अंग झाकत नाही, आणि नुसत्या आडव्यांचा गुंता होतो.

असे विणीत विणीत कबीरांनी जे निर्माण केले, ते सगळे वाटून टाकले. कापड अंगावर विरून गेले. त्यांच्या हातचा धागा आज कोठे पाहायचा? पण मागावर बसून जी पदे झाली, तीही त्यांनी कापडासारखीच दिली. लिहून पेटीत ठेवली नाहीत, ज्याने मागितली त्याच्या तोंडी घातली. म्हणून ती कोण्या एकाची झाली नाहीत. शीखांनी ती ग्रंथसाहेबात घेतली, कबीरपंथीयांनी बीजकात घेतली, राजस्थानात दादूपंथीयांनी आपल्या वाणीसंग्रहात उतरून ठेवली, आणि वारकऱ्यांनी कीर्तनात प्रमाण म्हणून घेतली. हिंदू-मुसलमान दोघांनाही ज्यांनी खडे बोल सुनावले, त्यांना दोघांनीही आपले म्हटले. एकाच ठाणातले तुकडे चार घरी गेले, आणि चारी घरची माणसे त्यांनी झाकली.

शेवटची कथा मगहरची. काशीत मरण आले तर मोक्ष आणि मगहरला मरण आले तर गाढवाचा जन्म, अशी लोकांची समजूत. कबीर आयुष्यभर काशीत राहिले आणि अखेरीला मुद्दाम मगहरला गेले. हृदयात राम असेल तर काशी काय नि मगहर काय, हा त्यांचा निश्चय. देह ठेवला तेव्हा शिष्यांत वाद उभा राहिला. काशीचा राजा वीरसिंह म्हणे दहन करू, नवाब बिजलीखान म्हणे दफन करू. अंगावरची चादर उचलून पाहतात, तो खाली फुले! ती अर्धी-अर्धी वाटून घेतली. एका बाजूने दहन केले, दुसऱ्या बाजूने दफन. आज मगहरला आमी नदीच्या काठी कबीरांची समाधी आणि मजार शेजारी-शेजारी आहेत. विणकराच्या देहावर चादरच असायची. आणि बाजारात अर्धे कापड फाडायला निघालेल्या त्या हातांनी जातानाही दोघांना अर्धे-अर्धे देऊन निरोप घेतला. मनुष्यदेहाला झिरझिरीत चादर म्हणून जे पद कबीरांच्या नावाने गाइले जाते, त्यातला भाव हाच, की सगळ्यांनी ती चादर पांघरून मळवली. कबीरांनी मात्र जपून वापरली आणि जशीच्या तशी धन्याला परत केली.

कबीरांची बिरादरी काशीत आजही विणते. बनारसच्या जरीच्या कापडाला आणि साड्यांना २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या महाराष्ट्राशीही त्या बिरादरीचे नाते आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडच्या विणकरांची पुष्कळ घराणी दक्षिणेकडे निघाली आणि मालेगाव, भिवंडी येथे येऊन वसली. त्यांचे हातमाग पुढे जाऊन तेथे यंत्रमाग आले. साऱ्या देशात २०१९-२० साली हातमागांची गणती झाली, तेव्हा हातमागावर आणि त्याच्या जोडकामांवर हात चालवणारे ३५ लाखांवर भरले, आणि त्यांत दहांतल्या सात बायका. नीमा आणि लोई अजून काततच आहेत, विणतच आहेत!

तेव्हा वारकरी बंधुभगिनींनो, आषाढीला खांद्यावर पताका घ्याल, पांडुरंगाच्या अंगावरचा शेला पाहाल, तेव्हा एवढे मनात आणा की हे कोणाच्या तरी हातांनी झाले आहे, आणि त्या हातांच्या मागे एक घर आहे. आपल्या हाताने जे होते, ते चार जणांच्या उपयोगी पडू द्या. कोणी कापड विणील, कोणी गोधडी शिवील, कोणी भाकरी थापील. देवाला सगळे सारखे. देताना हात आखडू नका. पण द्यायच्या आधी घरात एकदा विचारा, म्हणजे त्या दानात सगळे घर हौसेने सामील होईल आणि कोणाला लपून राहावे लागणार नाही. काम सोडून नाम घेऊ नका, नाम सोडून काम करू नका. कबीरमहाराजांनी हे पंढरीच्या नामदेवांकडून घेतले, आपण तर त्यांच्या घरचेच आहोत.

॥ रामकृष्णहरि ॥